लेखक पाठवू नका, आधी पुस्तकं पाठवा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
राज्यातल्या सर्व जिल्हा परिषदा

विषय : प्राथमिक शाळांमध्ये बालसाहित्यिकांच्या भेटी आयोजित करण्याबाबत.
संदर्भ : निरंक.

महोदय / महोदया,

विषयाची ओळ मुद्दाम ऑफिसच्या भाषेत लिहिली आहे, म्हणजे पत्र निदान योग्य टेबलावर तरी जाईल. पुढचं माझ्या भाषेत लिहिते. मी खानदेशातल्या एका द्विशिक्षकी शाळेत उपशिक्षिका आहे. पट ४१, वर्ग चार, खोल्या दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे. तिसरी-चौथी सरांकडे, आणि मुख्याध्यापकाचा कार्यभारही त्यांच्याकडेच. गेल्या सहा वर्षांत आमच्या शाळेत पाच वेळा लेखक येऊन गेले. दोन भेटी फसल्या, एक बरी झाली, दोन फार चांगल्या झाल्या. त्याआधी एकदा आम्हीच मुलांना घेऊन लेखक बघायला गेलो होतो. 'बघायला' हाच शब्द बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करते.

१५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी २०१५ पासून आपण तो साजरा करतो. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला : उद्या अमुक ठिकाणी ज्येष्ठ बालसाहित्यिक येणार आहेत, प्रत्येक शाळेने किमान ३० विद्यार्थी घेऊन दहाच्या आत हजर राहावे. रात्री पालकांना फोन केले, सकाळी दोन छोटा हत्ती ठरवले आणि पोरांना घेऊन निघालो. मांडवात सात शाळांची चारेकशे मुलं. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचाही सत्कार. लेखिका बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांना वीस मिनिटं मिळाली, त्यातली पाच माइकने खाल्ली. बाई चांगल्या होत्या हो. समोरचा सगळा प्रकार त्यांनी ओळखला, भाषणाचे कागद पर्समध्ये ठेवून दिले आणि मांजराची एक कविता साभिनय म्हटली. पुढच्या चार ओळींतली मुलं खिदळली. मागच्यांना ऐकूच गेलं नाही, ती मांडवाच्या कनातीला भोकं पाडत बसली. मग आभार. आभार नेहमीप्रमाणे लांबले. शाळेत परत आलो तर खिचडी गार होऊन तिचा गोळा झालेला.

परत येताना दुसरीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, त्या आमदार होत्या का?"

तिची काही चूक नव्हती. मांडव, हार, माइक, मागे भलं मोठं बॅनर, एवढं सगळं तिने एकाच प्रसंगी पाहिलं होतं, निवडणुकीत. त्या बाईंचं एखादं पुस्तक तिने हातात धरलेलं असतं तर तिला कळलं असतं की ही बाई कोण. पण त्या चारशे मुलांतल्या एकानेही त्यांचं एक पान वाचलेलं नव्हतं. मीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी अहवाल गेला, त्यात 'विद्यार्थ्यांनी साहित्यिकांशी मनमोकळा संवाद साधला' असं वाक्य होतं. ते मीच लिहिलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी जे झालं ते सांगते. दुसऱ्या एका लेखिकेशी माझी फोनवर ओळख झाली होती. त्यांना म्हटलं, तुम्ही या, पण लगेच नको. आधी आम्ही तुमची पुस्तकं वाचतो. त्यांची दोन पातळ चित्रपुस्तकं, प्रत्येकी सहा प्रती, आम्ही विकत घेतली. सहा प्रती का, तर ४१ मुलं, सहा गट, प्रत्येक गटात सहा-सात डोकी एका पुस्तकावर. तीन आठवडे रोज शेवटच्या तासिकेत तीच दोन पुस्तकं. पहिल्या आठवड्यात मी मोठ्याने वाचलं, दुसऱ्यात चौथीच्या मुलांनी पहिलीच्यांना वाचून दाखवलं, तिसऱ्यात मुलांनी प्रश्न काढले. ते फळ्यावर लिहिले. त्रेचाळीस झाले. त्यातले 'तुम्हाला लेखक व्हावेसे का वाटले' छापाचे आठ-नऊ आम्ही खोडून टाकले, कारण ते मुलांचे नव्हतेच, मोठ्यांचं ऐकून आलेले होते.

लेखिका यष्टीने आल्या. फाट्यावरून सरांनी त्यांना मोटारसायकलवर आणलं. खुर्ची ठेवली होती, ती बाजूला करून त्या सतरंजीवर बसल्या. पाच मिनिटांत तिसरीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "पाचव्या पानावर शेळी तपकिरी आहे, अकराव्यावर काळी. अशी कशी?" त्यांनी पुस्तक उघडलं. खरंच होतं. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, हे माझ्या लक्षात आलं नाही, चित्रकाराच्या नाही आणि प्रकाशकाच्याही नाही." वर्गात जो काही आनंद झाला तो मी शब्दांत लिहीत बसत नाही. एका पोराने छापील पुस्तकात चूक काढली होती आणि पुस्तक लिहिणारीने ती समोरासमोर कबूल केली होती.

मग त्यांनी पिशवीतून त्या गोष्टीची मूळ वही काढली. साधी दोनशे पानी वही. पानंच्या पानं खोडलेली, बाण काढलेले, कडेला बारीक अक्षरात भर घातलेली, एका पानावर चहाचा डाग. ती वही हातोहात फिरली. चौथीतल्या एका मुलीने ती बराच वेळ सोडली नाही. शेवटी तिने विचारलं, "एवढी खाडाखोड केली तर तुम्हाला कोणी रागवलं नाही का? आमच्या बाई तर पूर्ण पान परत लिहायला लावतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले, दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून निबंधाच्या वहीत खोडलेल्या ओळीखाली मी लाल रेघ मारत नाही. साहेब, एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी किती प्रशिक्षणं केली त्याची यादी सेवापुस्तकात आहे. त्यातल्या एकानेही माझी ही सवय सोडवली नव्हती.

दुपारी खिचडी त्यांनी मुलांच्या पंगतीत बसून खाल्ली. तेव्हा दुसरीतलं एक पोर त्यांच्या शेजारी सरकून म्हणालं, "मनी आजी बी आशीच गोट सांगस." म्हणजे माझी आजीही अशीच गोष्ट सांगते. आमच्याकडे घराघरात अहिराणी. शाळेत पाऊल टाकलं की आम्ही तिला उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी ठेवायला लावतो. लेखिकेने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, सांग बरं. त्याने सांगितली, अर्धी अहिराणीत, अर्धी हातवाऱ्यांनी. त्यांनी ती वहीत टिपून घेतली. मुलाने तीन वेळा डोकावून खात्री करून घेतली की त्या खरंच लिहीत आहेत.

या दोन दिवसांत फरक काय होता? लेखिका दोन्ही चांगल्याच. मुलं तशीच. फरक फक्त बारा पुस्तकांचा आणि तीन आठवड्यांचा. मला या पत्रात एवढंच म्हणायचं आहे. लेखकाची भेट ही वाचनाची सुरुवात करून देईल असं समजून आपण कार्यक्रम आखतो. ते उलटं आहे. मुलाने पुस्तक वाचून, त्याचे कान पिळून, त्यात शेळीचा रंग शोधून झाला की मग लेखक समोर यायला हवा. न वाचलेल्या पुस्तकाचा लेखक म्हणजे मुलांच्या लेखी एक अनोळखी मोठं माणूस, बस.

आता पैशांचं बोलू. त्या भेटीला एकूण ४,१५० रुपये लागले. पुस्तकं १,४४०. लेखिकेचं जाण्यायेण्याचं भाडं ७१०. मानधन २,०००, जे द्यायला मला त्यांच्याशी पंधरा मिनिटं भांडावं लागलं. मांडव, हार, शाल, नारळ, स्मृतिचिन्ह शून्य. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत तर स्पष्टच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत, गोष्टीच्या पुस्तकांसह. म्हणजे गोष्टीचं पुस्तक ही आमची हौस नाही, कायद्यातली बाब आहे. पण पुस्तकांचे पैसे शाळेच्या हातात येतातच असं नाही. बऱ्याचदा येतो तो पुस्तकांचा गठ्ठा, वरून निवडून, एकेक प्रत, अर्धी पुस्तकं आठवीच्या वर वाचायची. पहिली ते चौथीच्या शाळेत मी 'मुलाखतीला सामोरे जाताना' या विषयावरचं पुस्तक गठ्ठ्यातून काढलेलं आहे. आणि एकेक प्रत घेऊन वर्ग वाचू शकत नाही हे सांगायला मला लाज वाटते, इतकं ते उघड आहे.

मानधनाची तर वेगळीच गंमत. शाळेच्या खात्यातून लेखिकेला दोन हजार रुपये द्यायचे तर पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर, त्यांची वेंडर म्हणून नोंद करायची. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, मग मंजुरी. एवढं कोण करणार? म्हणून त्या वर्षी मी आणि सरांनी हजार-हजार काढले. बाकी ठिकाणी काय होतं? लेखकाला 'मुलांसाठी या, समाजकार्य आहे' असं म्हटलं जातं. मंडपवाल्याला कोणी समाजकार्य सांगत नाही. एका कार्यक्रमात मी शाल, नारळ आणि काचेच्या स्मृतिचिन्हाची पावती पाहिली होती, ११५० रुपये. ज्यांना ते दिलं, त्या स्वतःच्या पेट्रोलने ऐंशी किलोमीटरवरून आल्या होत्या. घरी अशी किती काचेची स्मृतिचिन्हं झाली असतील त्यांची, देव जाणे.

म्हणून माझी पहिली मागणी. जिल्हा परिषदेच्या सेस निधीतून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, प्रत्येक केंद्राला (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला) वर्षातून एकदा थोडी रक्कम द्या, लेखकाच्या भाड्यासाठी आणि मानधनासाठी, आणि ती केंद्रावरून रोखपावतीने खर्च करता येईल अशी सोय करा. रक्कम मोठी नको. एक लेखक एका केंद्रात दोन दिवस राहिला तर तीन-चार छोट्या शाळा होतात. मुक्काम आमच्यापैकी कोणाच्याही घरी. भाकरी-पिठलं आम्ही घालू, त्याचं व्हाउचर मागणार नाही.

दुसरी मागणी पुस्तकपेटीची. लेखक ठरला की त्यांच्या दोन-तीन पुस्तकांच्या सहा-सहा प्रती एका पेटीत घालून केंद्रावर द्या. पेटी एक महिना एका शाळेत, पुढचा महिना पुढच्या. दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, शिक्षण परिषद, होतेच, पेटी तिथे हातातून हातात जाईल, वेगळा टेम्पो लागणार नाही. आणि त्या शिक्षण परिषदेत पीपीटी एक कमी करून कोणीतरी त्यातलं एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा. मी हे गमतीने म्हणत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांनी शेवटचं बालसाहित्य स्वतःच्या लहानपणी वाचलंय. ज्या शिक्षकाने पुस्तक वाचलं नाही, तो मुलांच्या हातात ते पुसून, कव्हर घालून, 'सांभाळून हां' म्हणत देतो.

इथेच मला ती जुनी गोष्ट बोलायची आहे, जिच्याबद्दल सगळे शिक्षक आपापसात बोलतात आणि आपल्यासमोर गप्प बसतात. पुस्तकं कपाटात कुलूपबंद का असतात? आम्ही आळशी आहोत म्हणून काही अंशी, हो. पण मुख्य कारण रजिस्टर. पुस्तक नोंदवहीत चढलं की ते टेबल-खुर्चीच्या रांगेत जाऊन बसतं. बदली झाली की कार्यभार देताना एकेक मोजून द्यायचं. सहा कमी पडली तर सहा पुस्तकांची किंमत कोणाच्या पगारातून? तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यासमोर एका मुख्याध्यापकांना विचारलेलं मला आठवतं, "ही पुस्तकं फाटली कशी?" ते बिचारे काय सांगणार? पहिलीच्या पोराने चित्रातल्या वाघाला हात लावला, म्हणून फाटली. नवीकोरी पुस्तकं हे चांगल्या शाळेचं लक्षण मानलं गेलं, तर कुलूप हाच शहाणपणा ठरतो.

सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. तिथे पुस्तकं लोकांच्या घरांत ठेवली आहेत, येणाऱ्याने बसावं आणि वाचावं. गावकऱ्यांवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा आमच्यावर टाका. एक साधा आदेश पुरेल : लहान मुलांच्या पुस्तकांपैकी दरवर्षी ठरावीक हिस्सा झिजला, फाटला, हरवला असं धरून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने निर्लेखित करता येईल, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येईल, वसुली नाही. या एका कागदाने जेवढी मुलं वाचायला लागतील तेवढी दहा महोत्सवांनी लागणार नाहीत. शेवटचं वाक्य जरा जोरात झालं, पण राहू द्या.

आता लेखक कोण, हा प्रश्न. भेट म्हटली की पुण्या-मुंबईची पाच-सहा नावं डोळ्यांसमोर येतात. ती मोठी माणसं आहेत, त्यांनी यावंच, पण प्रत्येक शाळेत ती कशी पोचणार? जिल्ह्यात लिहिणारी माणसं आहेत. त्यातले बरेच तर आपल्याच खात्यात आहेत, शिक्षक आहेत. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर कोणालाही मोफत वाचता येतात. ते चाळले तरी आपल्या भागातली नावं सापडतात. चित्रकारांना तर कोणी बोलावतच नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला विचाराल तर त्याचं पुस्तक निम्म्याहून जास्त चित्रकाराचं असतं. आमच्याकडे झालेल्या दोन चांगल्या भेटींपैकी दुसरी एका चित्रकाराचीच होती. ते फारसं बोललेच नाहीत. कागदावर एक रेघ काढायचे, मुलांना विचारायचे, आता याचं काय करू? तासाभरात त्या रेघेतून डबकं, बगळा, बगळ्याच्या पोटात मोबाइल, असं काहीतरी होऊन बसलं. तो कागद अजून वर्गात चिकटवलेला आहे, कोपरे उंदरांनी खाल्ले आहेत.

मात्र एक तपासून घ्या. पुस्तक लिहिलं म्हणजे मुलांपुढे बसता येतंच असं नाही. आमची एक भेट फसली ती यामुळे. सद्गृहस्थांनी तास दीड तास 'आमच्या काळी' या विषयावर व्याख्यान दिलं आणि मध्ये मध्ये 'मोबाइल वाईट' असं मुलांकडून तीन वेळा वदवून घेतलं. दुसरी फसली ती वेगळ्या कारणाने. पाहुणे पुस्तकांची पिशवी भरून घेऊन आले. कार्यक्रम संपल्यावर पुस्तक घेईल त्याला सही. चार मुलांकडे पैसे होते. सदतीस जणांकडे नव्हते. त्यांतल्या एकाने तळहात पुढे केला, यावर करा म्हणाला. मला अजूनही तो हात आठवतो, कडेला वाळलेलं शेण. विक्री करू नये असं मी म्हणत नाही, लेखकाचंही पोट आहे. पण ती पालकांसाठी, गावात, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर करावी. वर्गात सही करायची तर शाळेच्या प्रतीवर, नाहीतर सगळ्यांच्या वहीत.

आणि लेखक वर्गात असताना शिक्षकही वर्गातच हवा. हे लिहावं लागतं, कारण पाहुणे आले की आम्हाला ऑनलाइन माहिती भरायला मोकळा तास मिळाला असं वाटतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही ते बरोबर नाही. शिवाय मुलाने काय विचारलं हे शिक्षकाने ऐकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तो धागा पकडणार कोण?

तारखेबद्दल थोडं. १५ ऑक्टोबर आणि २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, या दोन दिवशी राज्यातला प्रत्येक लेखक तीन-तीन ठिकाणी धावत असतो आणि उरलेले दिवस मोकळा असतो. ऑक्टोबरात आमच्या संकलित चाचणीची घाई, पुढे दिवाळीची सुट्टी. जून-जुलै प्रवेश आणि दाखल्यांत जातो. मला विचाराल तर दिवाळीनंतरपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. शनिवारी दप्तर नसतं, तो दिवस द्या. आणि खानदेशात लेखकाला बोलवायचं तर थंडीतच बोलवा, एप्रिलच्या उन्हात कोणाला गोष्ट सुचेल?

कोणी म्हणेल, ऑनलाइन करा, खर्च नाही. करोनाच्या काळात आम्ही केलं. मुलांनी अर्धा वेळ स्वतःचा चेहरा बघितला. पुढे जाऊ.

आता माझी शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची विनंती, आणि ती विचित्र वाटेल. वरचं सगळं वाचून पटलं, तरी कृपा करून परिपत्रक काढू नका. परिपत्रक निघालं की दुसऱ्या दिवशी गुगल फॉर्म येईल. त्यात रकाने असतील : साहित्यिकाचे नाव, उपस्थित विद्यार्थी, जिओटॅग फोटो दोन, वृत्तपत्र कात्रण. मुलांनी आधी कोणतं पुस्तक वाचलं, हा रकाना नसेल. 'शंभर टक्के शाळा' असं उद्दिष्ट आलं की महिनाअखेर कोणत्यातरी दिवाळी अंकात एक चारोळी छापून आलेले गावातले गृहस्थ एका दिवसात सहा शाळांत बसवले जातील, फोटो निघतील आणि जिल्हा पहिला येईल. आम्ही शिक्षक त्यात वाकबगार आहोत. मनमोकळ्या संवादाचं ते वाक्य माझ्याकडे अजून तयार आहे.

ज्या शाळेला हवं तिने मागावं, अशी योजना करा. अर्ज एका पानाचा, त्यात एकच अट : लेखकाची कोणती पुस्तकं, किती प्रती, मुलं कधीपासून वाचत आहेत. पहिल्या वर्षी जिल्ह्यात वीस शाळा मागतील. वीसच होऊ द्या. पुढच्या वर्षी शेजारच्या शाळेतल्या मुलांनी ऐकलेलं असेल. आपणही एखाद्या भेटीला या. पण कळवून येऊ नका, आणि आलात तर मागे सतरंजीवर बसा. आपण येणार म्हटलं की हार आणावा लागतो, हार आला की बॅनर येतं, आणि मग ती दुसरीतली मुलगी मला परत तोच प्रश्न विचारेल.

पुस्तकांना पैसे कमी पडत असतील तर तेही सोडवता येईल. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मराठी बालपुस्तकं स्वस्तात मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, मराठीतही, त्या छापून वापरायला वेगळी परवानगी लागत नाही. तालुक्याच्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असतो. शाळेच्या नावाने तिथून महिनाभर पंचवीस पुस्तकं मिळावीत, एवढं एक पत्र आपल्या सहीने जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना गेलं तर काम होईल. मी स्वतः गेले होते. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, द्यायला काही हरकत नाही, पण वरून काही नाहीये." त्यांच्याकडेही रजिस्टर आहे.

कळावे,

आपली,
एक उपशिक्षिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, खानदेश

ता. क. : शेळीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती या जूनमध्ये आली. लेखिकेने शाळेला एक प्रत टपालाने पाठवली. पाकीट फोडल्या फोडल्या मुलांनी अकरावं पान उघडलं. शेळी आता दोन्हीकडे तपकिरी आहे. पण सातव्या पानावर तिच्या गळ्यात घंटा आहे आणि आठव्यावर नाही. पत्र लिहायला घेतलं आहे, खाडाखोड बरीच झाली आहे, तशीच पाठवणार आहोत.